काम म्हणजे छळच, असं शब्दात कुठं लिहिलंय?

फ्रान्समध्ये कामाचे तास, पगारी रजा किंवा निवृत्तीचं वय यांवरून वाद पेटला की एक गोष्ट हमखास ऐकू येते. फ्रेंचमध्ये कामाला ‘त्राव्हाय’ म्हणतात. हा शब्द लॅटिनमधल्या ‘त्रिपालियम’वरून आला. त्रिपालियम म्हणजे तीन खुंट रोवून केलेलं छळाचं साधन. म्हणून काम मुळातच छळ आहे, आणि आपल्या पूर्वजांना ते ठाऊक होतं. कामगारांच्या बाजूनं बोलणारे हे सांगतात, तत्त्वज्ञानाच्या तासाला मुलं हे ऐकतात, आणि ‘कामात आनंद शोधा’ असा उपदेश करायला बोलावलेले व्याख्यातेही सुरुवात इथूनच करतात. स्पॅनिश ‘त्राबाहो’, पोर्तुगीज ‘त्राबाल्यु’, कातालान ‘त्रेबाल्य’ ही त्याच शब्दाची भावंडं, त्यामुळं ही कथा पिरेनीज पर्वत ओलांडून पलीकडंही तेवढीच लोकप्रिय आहे.

व्युत्पत्ती म्हणून या कथेत कच्चे दुवे आहेत. पण माझी खरी हरकत वेगळीच आहे. ही कथा कष्टकऱ्याची बाजू घेतल्यासारखी वाटते, आणि सोय मात्र त्याला राबवणाऱ्याची करते. काम जन्मतःच छळ असेल, तर त्या छळाला जबाबदार असं कोणी उरतच नाही. कमी मजुरी ठरवणारा, तास वाढवणारा, पाळणाघर नाकारणारा हे सगळे सुटतात, आणि दोष लॅटिनच्या माथी जातो.

आधी पुरावा काय आहे ते पाहू. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधल्या ओसेर इथं धर्मसभा भरली होती. तिच्या नियमांत एक असा आहे, की गुन्हेगारांचा जिथं छळ होतो त्या ‘त्रेपालियम’पाशी पुरोहितानं किंवा डीकननं, म्हणजे त्याच्या हाताखालच्या धर्मसेवकानं, उभं राहू नये. म्हणजे अशी वस्तू होती आणि तिथं छळ होत होता, एवढं पक्कं. त्यापुढं मात्र जमीन भुसभुशीत होते. ‘त्रिपालियमवर चढवणं’ या अर्थाचं क्रियापद कुठल्याही लॅटिन लेखनात सापडत नाही. भाषाशास्त्रज्ञांनी ते अनुमानानं घडवलंय, आणि अशा रूपाआधी ते तारा (*) काढतात तसा इथंही काढतात. कोशातून भाषणात येईपर्यंत तो तारा गळून पडतो.

ध्वनींच्या बाजूनं या व्युत्पत्तीत दम नाही असं म्हणता येणार नाही. लॅटिन ‘फिलियुस’चा, म्हणजे मुलगा या शब्दाचा, पोर्तुगीजमध्ये ‘फिल्यु’ होतो आणि स्पॅनिशमध्ये ‘इहो’. तोच बदल ‘त्राबाल्यु’ आणि ‘त्राबाहो’ यांच्या शेपटाशी दिसतो. कातालान रूपात पहिल्या अक्षराचा एकारही टिकलेला आहे. बहुतेक कोश हीच व्युत्पत्ती देतात ते उगाच नाही. पण फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये पहिल्या अक्षरात ‘आ’ कुठून आला हा प्रश्न उरतो. काही अभ्यासकांनी त्यासाठी लॅटिन ‘त्राब्स’कडं, म्हणजे तुळईकडं, बोट दाखवलं. स्पॅनिशमधलं ‘त्राबार’, म्हणजे अडकवणं किंवा जखडणं, हे क्रियापद त्याच कुळातलं आहे. हे खरं धरलं तर शब्दाच्या मुळाशी फक्त अडकवलेपण उरतं, छळाचं यंत्र उरत नाही.

आणि फ्रेंचमध्ये ‘त्राव्हाय’ नावाची एक वस्तू खरोखरच आहे. लोहाराच्या दुकानाबाहेर जाड लाकडी खांबांचा आणि आडव्या तुळयांचा एक सांगाडा असे. बैलाला किंवा दांडग्या घोड्याला नाल ठोकायची, तर त्याला त्यात उभं करायचं, पोटाखालून रुंद पट्टे घालून आधार द्यायचा, पाय मागं उचलून आडव्या दांड्याला बांधायचा आणि मग नाल ठोकायची. आपल्याकडं बैलाला पत्री मारताना दोरानं आडवं पाडतात आणि चारही पाय एकत्र बांधतात. तिकडं उभ्यानंच जखडत, कारण बैल तीन पायांवर तोल सांभाळत नाही. फ्रान्सच्या कितीतरी खेड्यांत असे सांगाडे चौकात जपून ठेवलेत. यात जनावराला त्रास होतो हे उघड आहे, पण त्याचा छळ करावा म्हणून कोणी हे बांधलेलं नाही. वाटचालीला त्याचे खूर टिकावेत म्हणून बांधलंय. मूळ शब्द एकच असेल तर त्यातून छळही निघतो आणि हेही निघतं. दोन्हींतलं कुठलं मूळ सांगायचं हे सांगणारा स्वतःच्या सोयीनं निवडतो.

शब्दाचा पुढचा प्रवास मात्र नीट नोंदलेला आहे, आणि मला तो जास्त बोलका वाटतो. जुन्या फ्रेंचमध्ये ‘त्राव्हाय’ म्हणजे यातना, दगदग आणि बाळंतकळा. आजही फ्रेंच इस्पितळात प्रसूतीच्या खोलीला ‘साल द त्राव्हाय’ म्हणतात. इटालियनमध्ये ‘त्रावाल्यो’ हा शब्द त्याच जागी थांबला. त्याचा अर्थ मनस्ताप किंवा प्रसूतिवेदना एवढाच राहिला, आणि कामासाठी इटालियन माणसानं लॅटिन ‘लाबोर’पासून ‘लावोरो’ घेतलं. फ्रेंचनंही ‘लाबोर’ घेतलं होतं, पण त्याचं झालं ‘लाबुरे’, म्हणजे नांगरणं. सर्वसाधारण कामासाठी फ्रेंचमध्ये आधी ‘उव्रे’ असं वेगळं क्रियापद होतं, लॅटिन ‘ओपेरारी’पासून आलेलं. ते मागं पडलं आणि त्याची जागा हळूहळू ‘त्राव्हाये’नं घेतली. ‘उव्रे’ची खूण ‘उव्रिए’ म्हणजे कामगार या शब्दात राहिली, तशीच ‘जूर उव्राब्ल’मध्येही. हा शब्दप्रयोग म्हणजे कामाचा दिवस. पण आज फ्रेंच माणसांनाच तो ‘उव्रिर’, म्हणजे उघडणं, यावरून आला असं वाटतं. दुकानं उघडी असतात तो दिवस, असा त्यांनी त्याचा अर्थ लावून घेतलाय आणि सगळा व्यवहार त्यावर बिनबोभाट चालतो.

रुमानियन भाषा तर या कथेला सरळ बाजूला ठेवते. तीही लॅटिनचीच लेक, पण कामाला तिनं स्लाव्ह भाषांकडून ‘मुंका’ हा शब्द उचलला, आणि स्लाव्ह भाषांत त्याचा अर्थ यातना. तिथं तीन खुंट नाहीत, धर्मसभेचा नियम नाही, तरी वाट तीच. पीडेचा शब्द कामाकडं सरकला. म्हणजे हे सरकणं कुठल्या यंत्रामुळं झालेलं नाही. जी माणसं शब्द वापरत होती त्यांच्या वाट्याला आलेलं काम कसं होतं, त्यामुळं झालेलं आहे.

मराठीत हीच वाट दोनदा चाललेली दिसते. संस्कृतात ‘कष्ट’ म्हणजे वाईट, दुःखद. आपण कष्ट ‘करतो’, आणि ‘कष्टकरी’ हा शब्द मानानं वापरतो. दुसरं उदाहरण याहून ठसठशीत आहे. ‘मेहनत’ हा शब्द फारसीमार्गे अरबीतून आला, आणि अरबीत ‘मिहना’ म्हणजे कसोटी, आपत्ती. अब्बासी खलिफा अल-मामूननं ८३३ मध्ये धर्मपंडितांना एक विशिष्ट मत मान्य करायला लावण्यासाठी सक्तीची तपासणी सुरू केली, कैद आणि फटके यांच्या धाकावर. इतिहासात तिचं नावच ‘मिहना’ आहे. मूळ म्हणजेच अर्थ असं मानलं, तर ‘तुमची मुलगी फार मेहनती आहे’ हे वाक्य आई-बापांना भेसूर वाटायला हवं. वाटत नाही, आणि त्यांचं काही चुकत नाही.

शब्दाचं कूळ कळलं की वस्तूचं मर्म कळतं, हा समज फार जुना आहे. सहाव्या-सातव्या शतकांत सेव्हिलचा बिशप इसिदोर यानं याच विश्वासावर वीस खंडांचा ज्ञानकोश रचला. आपल्याकडं ‘निरुक्त’ हा व्युत्पत्तीचा प्राचीन ग्रंथ लिहिणाऱ्या यास्काच्या काळी हा वाद रंगला होता. सगळी नामं क्रियापदांपासूनच निघतात असं शाकटायनाचं मत होतं. गार्ग्यानं त्याला हरकत घेतली. वाट आक्रमतो म्हणून घोड्याला अश्व म्हणायचं, तर वाट आक्रमणाऱ्या प्रत्येकालाच अश्व म्हणावं लागेल. यास्कानं गार्ग्याला उत्तर दिलंय आणि ते उत्तर हुशारही आहे, पण मला गार्ग्याचा आक्षेप आजही अधिक भक्कम वाटतो. शब्द एका गुणावरून जन्मला, तरी तो गुण त्या वस्तूचा स्वभाव ठरत नाही.

आता मूळ मुद्द्याकडं येतो. काम आणि यातना यांची गाठ शब्दातच बांधलेली आहे असं म्हणण्याचा फायदा कोणाला झाला?

बायबलच्या लॅटिन भाषांतरात आदामाला शाप मिळतो तो ‘लाबोर’ करून खाण्याचा, आणि हव्वेला वेदनेत मुलं जन्माला घालण्याचा. काम आणि बाळंतपण ही दोन्ही दुःखं एकाच प्रसंगात वाटली गेली, आणि नंतर फ्रेंचमध्ये दोन्हींना एकच शब्द मिळाला. शाप म्हटल्यावर उपाय शोधायचं कारण उरत नाही. तरी पॅरिसमध्ये एका डॉक्टरनं तो शोधला. फेर्नां लामाझ सोव्हिएत रशियात जाऊन आले आणि १९५२ मध्ये त्यांनी ‘ब्ल्युए’ प्रसूतिगृहात वेदनारहित प्रसूतीचा प्रयोग सुरू केला. गरोदरपणात बाईला तिच्या शरीरात काय होणार आहे ते नीट समजावून सांगायचं, श्वासाचा सराव करून घ्यायचा, भीती घालवायची. वेदना पूर्ण जात नसे, पण बाई घाबरून निमूट पडून राहायची ती आता स्वतःच्या प्रसूतीत सहभागी व्हायला लागली. हे प्रसूतिगृह कोणाचं होतं हे इथं महत्त्वाचं आहे. ते धातुकामगारांच्या संघटनेचं होतं. कारखान्यातल्या ‘त्राव्हाय’चे तास कमी करा म्हणून झगडणाऱ्यांनीच आपल्या बायकांच्या ‘त्राव्हाय’मधली वेदना कमी करायला जागा दिली. चार वर्षांनी, १९५६ मध्ये, पोप बारावे पायस यांनीही या पद्धतीत धर्माविरुद्ध काही नाही असं सांगितलं. शब्द तोच राहिला, खोलीवरची पाटीही तीच. आत काय घडतं ते बदललं, कारण काहींनी ते बदलायचं ठरवलं.

याच्याही सव्वाशे वर्षं आधी फ्रान्सच्या लियाँ शहरातल्या रेशीम विणकरांनी या शब्दाला वेगळंच वळण दिलं होतं. क्रोआ-रूसच्या टेकडीवर उंच छतांची घरं आहेत. नक्षी विणणारा जाकार माग उभा राहावा म्हणून छत तेवढं उंच, आणि त्याच खोलीत मागाशेजारी कुटुंबाचं खाणं-झोपणं. चौदा-चौदा तास आणि त्याहून जास्त माग चाले. १८३१ च्या शरदात त्यांनी मजुरीचा किमान दर ठरवून मागितला. प्रीफेक्टनं, म्हणजे सरकारनं नेमलेल्या तिथल्या मुख्य अधिकाऱ्यानं, मध्यस्थी केली, दर ठरलाही, पण अनेक व्यापाऱ्यांनी तो पाळायचं नाकारलं. नोव्हेंबरमध्ये विणकर टेकडीवरून शहरात उतरले. त्यांच्या काळ्या झेंड्यावर लिहिलं होतं: ‘काम करत जगू, नाहीतर लढत मरू.’ सरकारनं फौज पाठवली, दर रद्द केला आणि प्रीफेक्टला काढलं. ज्यांना कामानं पिळून काढलं होतं त्यांनी झेंड्यावर ‘काम नको’ असं लिहिलं नव्हतं. ‘त्राव्हाय’ त्यांनी जगण्याच्या बाजूला ठेवलं, कारण भांडण कामाशी नसून दराशी आहे हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. ज्यांना आज तीन खुंटांची कथा आवडते त्यांनी हा झेंडा डोळ्यांसमोर आणावा. विणकरांना आपली अवस्था समजायला लॅटिन लागलं नाही.

पुढं हाच शब्द राज्यघटनांत गेला. १९३१ च्या स्पॅनिश घटनेनं पहिल्याच कलमात स्पेनला सर्व प्रकारच्या ‘त्राबाहादोर’ लोकांचं, म्हणजे काम करणाऱ्यांचं, प्रजासत्ताक म्हटलं. १९४८ ची इटलीची घटना तर पहिल्याच वाक्यात प्रजासत्ताकाचा पाया ‘लावोरो’ हा आहे असं सांगते.

उलट बाजूची फसवणूकही पाहिली पाहिजे, कारण शब्दाला पवित्र करूनही माणसं राबवता येतात. १९४० मध्ये जर्मनीपुढं हरलेल्या फ्रान्समध्ये मार्शल पेतांच्या विशी सरकारनं ‘स्वातंत्र्य, समता, बंधुता’ पुसून ‘काम, कुटुंब, मायभूमी’ हे ब्रीद आणलं. १९४१ मध्ये त्यांनी एक मे हा कामाचा अधिकृत सण केला, आणि त्याच वर्षी कामाच्या सनदेनं संपावर बंदी घालून स्वतंत्र संघटना मोडीत काढल्या. फेब्रुवारी १९४३ मध्ये ‘सक्तीची श्रमसेवा’ आली आणि तरुणांना जर्मनीतल्या कारखान्यांत धाडलं जाऊ लागलं. तिच्याही नावात ‘त्राव्हाय’ होतंच. काम म्हणजे छळ म्हणणारे आणि काम म्हणजे पूजा म्हणणारे एकमेकांचे विरोधक भासतात. पण दर किती, तास किती, नाही म्हणायची मुभा आहे का, हे प्रश्न दोघांच्याही बोलण्यात मागं पडतात.

आपल्याकडं सध्या दुसऱ्या पंथाची चलती आहे. २०२३ मध्ये एका बड्या उद्योगपतीनं तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं सुचवलं, २०२५ च्या सुरुवातीला दुसऱ्यानं ९० तासांपर्यंत मजल नेली, आणि समाजमाध्यमांवर कर्मयोगाचे श्लोक वाहू लागले. ज्यांच्या घरी स्वयंपाक, धुणी आणि म्हातारी माणसं दुसरं कोणीतरी सांभाळतं त्यांनाच ९० तासांचं गणित जमतं. त्या दुसऱ्या व्यक्तीचे तास कोणी मोजलेले नाहीत.

मराठीतला एक शब्द मला इथं फार अस्वस्थ करतो. संस्कृत ‘विष्टि’, म्हणजे सक्तीचं बिनमोबदला काम, त्याचा मराठीत झाला ‘वेठ’. गावच्या पाटलानं, जहागीरदारानं, सरकारी अंमलदारानं माणसाला पकडून ओझं वाहायला लावायचं, म्हणजे वेठीस धरायचं. ज्यांना धरलं जाई ते बहुतेक दलित आणि गरीब बलुतेदार. आज वर्तमानपत्र उघडलं तर हा वाक्प्रचार कोणासाठी असतो? एसटी कर्मचारी संपावर गेले की ‘प्रवाशांना वेठीस धरलं’, परिचारिका गेल्या की ‘रुग्णांना वेठीस धरलं’. अर्थ बदलला म्हणून मी तक्रार करत नाही. मूळ अर्थच खरा असं म्हणायचा अधिकार मला या लेखानंतर उरतही नाही. मी एवढंच विचारतो, की थकलेल्या पगारासाठी काम थांबवणाऱ्याला वेठीस धरणारा म्हणायचं आणि पगार थकवणाऱ्यासाठी असा एकही तयार शब्द बातमीत नसावा, हे कोणाच्या खुर्चीतून लिहिलं जातं?

शब्दकोश कसा वापरावा याचा एक उत्तम नमुना आपल्याच न्यायव्यवस्थेत आहे. १९८२ च्या आशियाई स्पर्धांसाठी दिल्लीत बांधकामं चालू होती. तिथल्या मजुरांना किमान वेतन मिळत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली गेली. राज्यघटनेचं २३ वं कलम ‘बेगार’ आणि तिच्यासारख्या इतर सक्तीच्या श्रमांना मनाई करतं. न्यायमूर्ती भगवती यांनी ‘बेगार’चा अर्थ पाहायला मोल्सवर्थचा, म्हणजे आपल्या मराठीचा, कोश उघडला. तिथं अर्थ होता: सत्ता असलेल्यानं मोबदला न देता करून घेतलेलं काम. सरकारी वकिलांना हा अर्थ सोयीचा होता, कारण मजुरांना थोडा का होईना मोबदला मिळतच होता. न्यायालय त्या अर्थापाशी थांबलं नाही. सक्ती फक्त दांडक्याची नसते, उपासमारीचीही असते. किमान वेतनाहून कमी पैशात कोणी राबत असेल तर ते या सक्तीपोटीच, आणि म्हणून ते सक्तीचं श्रमच, असा निकाल त्यांनी दिला. कोशातला अर्थ त्यांनी नोंदवला आणि मग कामाच्या जागी काय चाललंय ते पाहिलं.

हीच फूटपट्टी घेऊन दसऱ्यानंतर बीडमधून ट्रकनं निघणाऱ्या ऊसतोड कामगारांकडं पाहा. तिथं नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. दोन माणसांचं नाव एका हत्याराचं. हंगामाआधी मुकादम कोयत्याला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि मग तोडलेल्या टनामागं ती फिटत जाते. एका दिवसाचा खाडा झाला तर पैसे कापले जातात, मग तो ताप असो, पाळी असो नाहीतर गर्भपात. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून वाहायच्या, आणि कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवर, परत येऊन चूल पेटवायची. खाडा परवडत नाही म्हणून गर्भाशयं काढून टाकलेल्या बायकांची संख्या इतकी वाढली, की २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ‘त्राव्हाय’चे दोन्ही अर्थ, कळा आणि काम, फडातल्या या बाईच्या अंगावर एकाच वेळी येतात, आणि फ्रेंचचा एक शब्दही तिला ठाऊक नसतो.

१९८२ चा निकाल तिच्यापर्यंत न्यायचा असेल तर मुकादमाची वही तपासायला हवी. कोयत्यानं किती टन तोडले आणि त्याला किती तास लागले हे मांडून माणशी मजुरी काढायला हवी, ती किमान वेतनाशी लावून पाहायला हवी, उचलीतून काय फिटलं आणि काय पुढच्या वर्षावर ढकललं ते लेखी असायला हवं. गरोदर बाईच्या रजेचा दिवस खाड्यात धरता कामा नये. आणि मजुरीच्या रकान्यात तिचं नाव नवऱ्याच्या नावाहून वेगळ्या ओळीत, वेगळ्या आकड्यासह यायला हवं.